शिरस्त्राणाचे आयुष्य

इ. स. १९३५ मधील मे महिन्याची १३ तारीख होती. इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या डॉर्सेट परगण्यात, बोव्हिंग्टनच्या लष्करी छावणीकडून एक गृहस्थ मोटारसायकलवरून आपल्या घराकडे परतत होते. पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात भाग घेऊन ज्यांनी जगभर कीर्ती मिळवली, ते टी. ई. लॉरेन्स हेच होत. रस्ता त्यांच्या ओळखीचा होता, घर जवळ होते आणि वाहनावर त्यांचा हात चांगला बसलेला होता. परंतु वाटेत रस्त्याला एक खोलगट उतार होता. त्यामुळे पुढे सायकलींवरून चाललेली दोन मुले त्यांना वेळीच दिसली नाहीत. मुले दृष्टीस पडताच त्यांना चुकवण्यासाठी लॉरेन्स यांनी वाहन एकदम वळवले. त्यांचा तोल गेला आणि ते वाहनावरून पुढे फेकले गेले. मुलांचे प्राण वाचले. लॉरेन्स यांच्या डोक्याला मात्र जबर मार बसला. त्यांच्या मस्तकावर कोणतेही संरक्षण नव्हते. सहा दिवस ते बेशुद्ध होते आणि १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करण्यासाठी जे डॉक्टर बोलावण्यात आले, त्यांत ह्यू केर्न्स नावाचे एक शल्यविशारद होते. ऑस्ट्रेलियात जन्मलेले हे डॉक्टर मेंदूच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. परंतु ज्या मेंदूला मूळ आघातातच भरून न येणारी इजा झालेली असते, त्यापुढे शल्यविशारदाचे कौशल्यही थिटे पडते. मार बसल्यावर उपचार करण्यापेक्षा मार बसण्यापूर्वीच मस्तकाचे रक्षण करता येईल काय, या प्रश्नाचा केर्न्स यांनी पुढे पद्धतशीर अभ्यास केला.

शिरस्त्राण ही वस्तू तेव्हा अज्ञात होती असे नाही. आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत १९१४ सालीच स्पर्धकांना शिरस्त्राण सक्तीचे झाले होते. परंतु ते शर्यत खेळणाऱ्यांचे साधन होय, रोज कामावर जाणाऱ्या माणसाला त्याची काय गरज, अशीच सामान्य समजूत होती. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. रात्री दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून निरोप पोहोचवणारे लष्करी जासूद मोटारसायकलवरून धावू लागले आणि अपघात वाढले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे लोक रस्त्यावरील अपघातांत मृत्यू पावले, अशी नोंद केर्न्स यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली. यांतील बहुसंख्य मृत्यू डोक्याला झालेल्या इजेमुळे ओढवले होते. अपघाताच्या वेळी शिरस्त्राण घातलेले असे केवळ सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते. त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. सात हा आकडा लहान खरा, परंतु त्यातून निघणारा बोध लहान नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले आणि त्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण उतरणीला लागले.

सैन्याने जे तात्काळ स्वीकारले, ते नागरी जीवनात रुजण्यास मात्र दीर्घ काळ लागला. केर्न्स यांच्या जन्मभूमीतील व्हिक्टोरिया या राज्याने १९६१ साली तसा कायदा अमलात आणून जगात पहिले पाऊल टाकले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले ते १९७३ साली. केर्न्स यांचे निधन त्यापूर्वी २१ वर्षे, म्हणजे १९५२ सालीच झाले होते.

शिरस्त्राण नेमके काय करते? डोक्यावर एक कठीण कवच असले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत अपुरी आहे. रत्नागिरीचा हापूस आंबा दूरच्या गावी पाठवायचा असतो, तेव्हा तो नुसता लाकडी पेटीत ठेवत नाहीत. पेटीत खाली, वर व बाजूंना गवताचा पेंढा भरतात. पेटी कितीही मजबूत असली, तरी तिच्यात आंबे नुसतेच ठेवले आणि ती आपटली, तर पेटी शाबूत राहील आणि आंबे मात्र ठेचून निघतील. बाहेरचा धक्का पेटी झेलते हे खरे. परंतु त्या धक्क्याचा जोर पेंढा दबून आपल्या अंगी जिरवतो, म्हणून आंबा वाचतो. शिरस्त्राणाचे बाहेरील कवच म्हणजे ती पेटी, त्यातील अस्तर म्हणजे पेंढा आणि माणसाचा मेंदू म्हणजे तो आंबा होय.

हे तत्त्व गणिताने अधिक स्पष्ट होते. डोके जमिनीवर आदळते, तेव्हा त्याचा वेग क्षणार्धात शून्य होतो. हा वेग जितक्या कमी अंतरात नाहीसा होतो, तितका आघात प्रखर असतो. उघडे डोके तीन मिलिमीटर अंतरात थांबले आणि तेच डोके, त्याच वेगाने आदळूनही, तीन सेंटिमीटर अंतरात सावकाश थांबले, तर दुसऱ्या वेळी सरासरी जोर पहिल्याच्या एक दशांश होतो. ही थोडीशी जागा व थोडासा अवधी मिळवून देणे, एवढेच शिरस्त्राणाचे काम आहे. परंतु जीवन आणि मरण यांच्यामधील अंतर कित्येकदा एवढेच असते.

हे ओळखून अमेरिकेतील हर्मन रॉथ व चार्ल्स लोंबार्ड यांनी कठीण कवचाच्या आत आघात जिरवणारे अस्तर असलेले शिरस्त्राण तयार केले. त्याच्या एकस्वासाठी त्यांनी १९४७ साली अर्ज केला आणि १९५३ साली ते त्यांना मिळाले. आजही चांगल्या शिरस्त्राणाची रचना याच धर्तीची असते. कवच कठीण प्लॅस्टिकचे किंवा काचतंतूंचे असते. आतील जाड अस्तर, आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, त्याच जातीच्या पदार्थाचे असते. त्या पदार्थात हवेने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात. आघात होताच त्या चिरडतात, फुटतात आणि फुटता फुटता आघाताची शक्ती शोषून घेतात. त्याच्याही आत मऊ कापडी गादी असते, परंतु ती केवळ सुखासाठी असते; संरक्षणाचे काम त्या अस्तराचे.

येथे एक अडचण उभी राहते. शिरस्त्राणाची ही शक्ती डोळ्यांना दिसत नाही. चमकदार रंगाचे पण कुचकामी शिरस्त्राण आणि साध्या रंगाचे पण भक्कम शिरस्त्राण दुकानातील फळीवर शेजारी शेजारी ठेवली, तर ग्राहकाने कोणते निवडावे? अमेरिकेत पीट स्नेल नावाचे एक मोटार शर्यतपटू १९५६ साली अपघातात मरण पावले. त्यांनी शिरस्त्राण घातलेले होते, परंतु ते त्यांचे मस्तक वाचवू शकले नाही. त्यांच्या स्मरणार्थ १९५७ साली एक संस्था स्थापन झाली आणि डॉ. जॉर्ज स्नायव्हली यांच्या पुढाकाराने तिने शिरस्त्राणांच्या कसोट्या घेण्याचे काम हाती घेतले. १९५९ साली या संस्थेने आपले पहिले मानक प्रसिद्ध केले. वस्तू कशी असावी आणि तिने कोणत्या कसोटीला उतरावे, हे ठरवून देणारा लेखी नियम म्हणजे मानक. पुढे निरनिराळ्या देशांनी आपापली मानके केली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक २२ हा १९७२ सालचा असून तो अनेक राष्ट्रांत मान्य आहे.

या कसोट्या मोठ्या कठोर असतात. शिरस्त्राण धातूच्या एका नकली मस्तकावर चढवतात. त्या मस्तकात आघात मोजणारे यंत्र बसवलेले असते. मग ते ठरावीक उंचीवरून लोखंडी ऐरणीवर टाकतात. एक ऐरण सपाट असते, तर दुसरी पदपथाच्या दगडी कडेसारखी असते. काही शिरस्त्राणे आधी ५० अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवतात, काही गोठणबिंदूच्या खाली थंड करतात, तर काही पाण्याने भिजवतात. कारण अपघात ऋतू पाहून होत नाही. हनुवटीखालचा पट्टा वजनाचा हिसका देऊन तपासतात. आघाताच्या क्षणी निसटून जाणारे शिरस्त्राण असून नसल्यासारखेच होय.

नियम क्रमांक २२ मधील मूळ कसोटीत शिरस्त्राण सेकंदास ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आदळवतात. वाहने तर याहून किती तरी वेगाने धावतात, मग ही कसोटी पुरेशी कशी, अशी शंका येणे साहजिक आहे. वाहनावरून पडलेला माणूस पुष्कळदा रस्त्यावरून पुढे घसरत जातो. अशा वेळी त्याचे डोके जमिनीवर ज्या वेगाने आदळते, तो वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. परंतु तेच डोके भरधाव वेगात भिंतीवर वा समोरून येणाऱ्या वाहनावर आपटले, तर कसोटीची मर्यादा ओलांडली जाते. शिरस्त्राण म्हणजे वेगाचा परवाना नव्हे, हे या आकड्यावरून ध्यानात घ्यावे.

ज्ञान वाढते तशी मानकेही बदलतात. केर्न्स यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी, पदार्थवैज्ञानिक होलबोर्न यांनी १९४३ साली जिलेटिनच्या नमुन्यांवर प्रयोग करून असे दाखवले, की मस्तकाला बसलेल्या हिसक्याने ते गर्रकन फिरले तरीही मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. या विचाराला नियमात स्थान मिळण्यास मोठा काळ जावा लागला. २०२१ साली अमलात आलेल्या नियम क्रमांक २२ च्या सुधारित आवृत्तीत तिरप्या आघाताची कसोटी समाविष्ट झाली आहे.

भारतातही हे काम झालेले आहे. १९४७ साली स्थापन झालेली भारतीय मानक संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो या नावाने ओळखली जाते. दुचाकीस्वारांच्या शिरस्त्राणांसाठी तिचे मानक आय.एस. ४१५१ हे आहे. १ जून २०२१ पासून या मानकाचे चिन्ह नसलेली शिरस्त्राणे बनवणे व विकणे यांस बंदी आहे. लोक या चिन्हाला अजूनही आय.एस.आय. चिन्ह असेच म्हणतात. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक असावा लागतो. चिन्हाची नक्कल करून निकृष्ट माल विकणारेही असतात. म्हणून तो परवाना क्रमांक ब्युरोच्या भ्रमणध्वनीवरील सेवेत पडताळून पाहावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास, मग तो चालवणारा असो वा मागे बसणारा, शिरस्त्राण आवश्यक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे.

ही आवश्यकता किती मोठी आहे, हे केंद्र सरकारच्या अहवालावरून कळते. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मरण पावली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी दुचाकीवर असताना शिरस्त्राण घातलेले नव्हते. म्हणजे दररोज सरासरी १३७ जण. त्यांपैकी १४,३३७ जण वाहन चालवतही नव्हते. ते मागे बसलेले होते. शिरस्त्राण घातल्याने मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याला इजा होण्याचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ साली काढण्यात आला आहे.

कसोटीची एक गोष्ट मनन करण्यासारखी आहे. जे शिरस्त्राण कसोटीला उतरते, ते कधीही बाजारात विकायला येत नाही. परीक्षेत उत्तीर्ण होताना ते स्वतः खर्ची पडते. त्याच्या भावंडांवर आपण विश्वास ठेवतो. रस्त्यावरील शिरस्त्राणाचेही तसेच आहे. मोठा आघात ते एकदाच झेलू शकते.

एखादा तरुण पावसाळ्याच्या दिवसांत कामावरून घरी परतत असतो. ओल्या वळणावर चाक घसरते, तो पडतो, त्याचे डोके रस्त्यावर आपटते. परंतु शिरस्त्राणामुळे तो सुखरूप उठतो. शिरस्त्राण हातात घेऊन पाहावे, तर त्यावर केवळ एक ओरखडा दिसतो. ते त्याला भाग्याचे वाटते. पुढे नवे घेतल्यावर तो हे जुने आपल्या धाकट्या भावाला मोठ्या प्रेमाने देतो. त्याच्या प्रेमात खोट नसते. परंतु त्या ओरखड्याखालचे अस्तर चिरडून गेलेले असते. पेटीतील दबलेला पेंढा हाताने मोकळा करता येतो, फुटलेल्या पेशी मात्र पुन्हा फुगत नाहीत. थोरल्या भावाचे प्राण वाचवताना त्या शिरस्त्राणाची शक्ती संपलेली असते. धाकट्याच्या हाती येते ते रिकामे कवच. म्हणून ज्या शिरस्त्राणाने अपघातात मार झेलला आहे, ते बाहेरून कितीही नवे दिसो, तत्काळ बदलले पाहिजे. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, असे दुसऱ्याने वापरलेले शिरस्त्राणही याच कारणास्तव घेऊ नये.

अपघात न होताही शिरस्त्राण झिजते. घाम, केसांचे तेल, ऊन व दमट हवा यांचा परिणाम त्यातील डिंक, अस्तर व पट्टे यांवर हळूहळू होत असतो. म्हणून नित्याच्या वापरातील शिरस्त्राण साधारणतः पाच वर्षांनी बदलावे, असा स्नेल यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेचा सल्ला आहे. ते केव्हा बनवले, याची नोंद आत चिकटवलेल्या कागदावर पाहावी. कवचाला तडा गेला असेल, पट्टा विरला असेल, कडी नीट अडकत नसेल किंवा गादी झिजून शिरस्त्राण डोक्यावर सैल फिरत असेल, तर पाच वर्षांची वाट पाहू नये. रिकामे शिरस्त्राण हातातून एखाद्या वेळी जमिनीवर पडले, तर ते लगेच निकामी होतेच असे नाही, कारण त्या वेळी आत मस्तकाचा भार नसतो. परंतु त्याला वारंवार आपटू देणे शहाणपणाचे नव्हे.

निगा राखल्याने त्याचे आयुष्य वाया जात नाही. ते सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. पेट्रोल, थिनर असले पदार्थ त्याला लावू नयेत, कारण पेट्रोलने अस्तर विरघळते आणि अशा द्रवांनी कवचही दुबळे होते. वाहनाच्या आरशावर ते अडकवून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. आरशाचे टोक अस्तरात रुतते व तेथे खळगा पडतो. तप्त इंजिनाजवळही ते ठेवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हनुवटीखालचा पट्टा प्रत्येक वेळी बांधावा.

आणि ज्याचे आयुष्य सरले आहे, ते शिरस्त्राण टाकून देताना त्याचा पट्टा कापून टाकावा, म्हणजे ते उचलून कोणी अजाणता डोक्यावर घालणार नाही. आपल्या घरातून गेलेली वस्तू दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरू नये, एवढी दक्षता नागरिकाने घेतलीच पाहिजे.

शिर सलामत तर पगडी पचास, अशी आपल्याकडे म्हण आहे. जुन्या शिरस्त्राणाचा मोह सोडताना ती आठवावी. शिरस्त्राण मोडले तर दुसरे मिळते. ते मोडण्यासाठीच केलेले असते. मस्तक मात्र प्रत्येकाला एकच मिळालेले आहे.

स्वाध्याय

१. डॉ. केर्न्स यांनी शिरस्त्राणाचा अभ्यास का हाती घेतला?
२. आंब्याच्या पेटीच्या दृष्टान्तात पेटी, पेंढा व आंबा कशाकशाच्या जागी आहेत?
३. 'शिरस्त्राण म्हणजे वेगाचा परवाना नव्हे' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. थोरल्या भावाने धाकट्यास दिलेल्या शिरस्त्राणात कोणता दोष होता? तो डोळ्यांना का दिसला नाही?
५. घरातील शिरस्त्राण पाहा. त्यावरील चिन्ह, मानकाचा क्रमांक, निर्मितीची तारीख, पट्टा व अस्तर यांची पाहणी करून दहा ओळी लिहा.